बोटीचं चाक आणि माझा उजवा हात

तीन वर्षांपूर्वी माझा उजवा हात गेला होता. आसनगावच्या गॅरेजात इंजिन खोलताना पाना खाली पडला आणि मला तो उचलताच येईना. अर्धांगवायूचा हलका झटका, असं डॉक्टर म्हणाले. चार-पाच महिन्यांत हात परत आला, पण तोवर गॅरेज सुटलं होतं. मग खर्डीच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यावर एकाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तिथे बोट चालवायचं काम मिळालं. मालकाला मी हाताचं सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही, मग मी कशाला तोंड उघडतो!

बोट जेटची. तिला खाली पंखा नसतो. पाणी पोटात ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, की बोट पळते. ते तोंड डावी-उजवीकडे वळलं की बोट वळते. आमच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांची खोडं जागोजाग उभी आहेत, पंख्याच्या बोटीचा तिथे पंखाच तुटेल, म्हणून ही घेतलेली. पुढच्या चाकापासून मागच्या तोंडापर्यंत एक जाड केबल जाते. सगळं वळण तिच्यावर.

डिसेंबर लागला आणि सकाळच्या फेरीला चाक जड यायला लागलं. दुपारी हलकं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जड. चाकावर दुसऱ्या कुणाचा हात असता तर मी पहिल्याच दिवशी केबल सोडून बघितली असती. इतकी वर्षं काय भजी तळली होती गॅरेजात? पण मला उत्तर आधीच माहीत होतं ना! थंडीत हाताला जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गारठ्यात हात आखडतो, ऊन चढलं की सुटतो. सरळ हिशोब होता. मी शेणवे गावी, घरी बायकोला एक शब्द बोललो नाही. सकाळच्या पाहुण्यांना मात्र रोज नवी थाप मारायचो. धुकं आहे, इंजिन तापू दे, पोहे तरी खाऊन घ्या.

एका रविवारी थाप चालली नाही. नवरा-बायको आणि त्यांच्या दोन मुली बोटीत बसल्या. वळणावर चाक फिरेचना. समोर खोड. अशा वेळी कुणीही गॅस, म्हणजे इंजिनाचा जोर, कमी करेल, पण जेटच्या बोटीचा गॅस सोडला की पाण्याचा झोत थांबतो आणि वळणही जातं, ती सरळ जाऊन आपटते. मी गॅस तसाच ठेवला आणि दोन्ही हातांनी, छातीचा जोर लावून चाक ओढलं. खोड हातभर अंतरावरून गेलं. मुली टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, मी मजा केली.

काठाला लागून मी बोट बांधली. मालक दुपारी यायचा होता. तो आला की काम सोडतो म्हणून सांगायचं, असं ठरवून मी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन बसलो. तिथे मावशी नाचणी दळत होती. जवळच्या पाड्यावरची ही बाई, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. जातं पाहुण्यांना दाखवायला आणून ठेवलेलं, पण हिला दिखाऊपणा जमत नाही, ती खरंच दळायची.

"तोंड का पाडलंय रं दादा?" तिने विचारलं.

का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. झटका, चाक, खोड, सगळं. तिने ऐकून घेतलं, च्‌ च्‌ वगैरे काही केलं नाही. उठली आणि म्हणाली, "बस हितं. वढ जातं. उजव्या हाताने."

मी ओढलं. ती मुठीमुठीने दाणे टाकत राहिली. किती वेळ ओढत होतो कुणास ठाऊक, कपाळाला घाम आला तेव्हा ती म्हणाली, "माझी सून येवढं नाय दळत. तुझा हात कुठं आखडलाय? चल, तुझी बोट दाखव."

बोटीशी गेलो. आता मात्र मी शहाण्या माणसासारखं केबलचं मागचं टोक सोडलं. पाणी फेकणारं मागचं तोंड एका बोटाने वळलं. पुढचं चाक तसंच जड. म्हणजे दुखणं केबलमध्येच होतं. टोकाशी काहीतरी पांढरट साचलेलं. मावशीने ते नखाने खरवडलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं आणि खो-खो हसत खालीच बसली.

"आरं, ह्ये माझंच त्याल! थिजलंय!"

दिवाळीआधी चाक जरा करकरत होतं, तेव्हा मीच तिच्याकडून वाटीभर मोहट्याचं तेल मागून नेलं होतं. मोहाच्या बियांचं हे तेल आम्ही भेगाळलेल्या टाचेपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला लावतो. बापाने बैलगाडीच्या आखाला घातलं, मी जेट बोटीच्या केबलला घातलं. आणि हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं, बाटली चुलीजवळ ठेवावी लागते, हे घरातलं शेंबडं पोरही जाणतं. मी विसरलो. आखडलं, आखडलं म्हणून हाताला दोष देत बसलो आणि थिजलं हा साधा शब्द मला सुचला नाही.

मावशीने चुलीवरचं आधणाचं पाणी आणलं. केबलवर ओततो न ओततो तोच चाक सैल पडलं. पण हा काही खरा इलाज नव्हता. दुपारी मालक आला तेव्हा मी त्याला तेलाचं सांगितलं, आणि त्याच दमात हाताचंही. तेलावरून त्याने माझी यथेच्छ हजेरी घेतली. हाताचं ऐकून मात्र त्याने बोटीची किल्ली काढून घेतली. मग म्हणाला, "नवी केबल येईपर्यंत बोट बंद. तोवर डॉक्टरचा कागद आण, मग चालव." डॉक्टरांनी हात दाबून, वाकवून बघितला आणि कागद दिला. केबल मी माझ्या हाताने बसवली. मालकाचे उपकार आहेतच, पण मावशीने त्या दिवशी जातं ओढायला लावलं नसतं, तर मी चांगला हात घेऊन घरी बसलो असतो. तिच्यापुढे मी आजही मनातल्या मनात हात जोडतो. उघड जोडले तर ती हसेल.

केबल बसवून घरी गेलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. थिजलेल्या तेलापाशी ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"महिना झाला, तुमी चहाचा कप डाव्या हाताने उचलताय," ती म्हणाली. "मी रोज बघतेय. इचारलं नाय. म्हटलं, हात परत गेला का, असं इचारलं न् तुमी हो म्हणालात तर?"