उघड्या दाराचं ‘नाही’

मी चौथी शिकलेला माणूस. वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होतो. माझी मुलगी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. बायको गेल्यावर ती पुण्याहून घरी आली आणि आता इथूनच काम करते. तिची आई गहू निवडायला बसायची, त्याच जागी लॅपटॉप मांडते. आधी मला ते बघवायचं नाही. आता बघतो.

बिडकीनकडच्या एका कारखान्यातल्या प्रेस मशीनचं काम तिच्याकडं होतं. मशीनचं दार लागलंय का, एवढंच विचारायचं; लागलं असलं तरच मशीन चालू. उत्तर हो नाहीतर नाही. पण विचारणारा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या एका भाषेतला आणि उत्तर देणारा दुसऱ्या भाषेतला. तिच्या साहेबांनी दोन्ही उत्तरं एकेकदा पाहिली, बरोबर आली, उद्या कारखान्याला देऊन टाकू म्हणाले. ही नोकरीत नवी, तरी थांबा म्हणाली. का, ते मी विचारलं.

“दादा, तुमच्या धान्याच्या मापासारखं समजा. उत्तर त्या मापाच्या एका कोपऱ्यात ठेवतात. उत्तर घेणारी भाषा अख्खं माप बघते. बाकीच्या मापात जुने दाणे राहिले असले तर?”

“तर रिकामं असून भरलेलं दिसंल.”

“तेच. ‘हो’ चुकत नाय. ‘नाही’चं ‘हो’ होतं.”

म्हणजे दार उघडं, मशीन चालू आणि कुणाचा तरी हात आत. मी म्हणालो, नोकरी गेली तर जाऊ दे, तू हटू नको.

तिनं तपासणी लिहिली. मापात मुद्दाम कचरा भरायचा, मग ‘नाही’ पाठवायचं. साहेब फोनवर होते. एवढा संशय बरा नाही मॅडम, असं म्हणत होते. तिनं बटण दाबलं. दार उघडं धरलेलं आणि उत्तर आलं, हो.

तिनं तिथंच दुरुस्ती केली, घेणाऱ्या भाषेला तेवढाच कोपरा बघायला लावलं. पुन्हा कचरा, पुन्हा तपासणी. ‘नाही’ आलं.

“उद्याचं रद्द,” साहेब म्हणाले. “सगळी उत्तरं अशीच तपासा. तुम्ही सांगाल तेव्हाच देऊ.”

तिची आई असती तर गल्लीभर सांगत फिरली असती. मी सकाळी दूधवाल्याला सांगितलं. त्याला काही कळलं नाही. त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.