झोपेत चालणाऱ्या बाईच्या सकाळी

सकाळी डोळे उघडले की ती आधी घरच्यांचे चेहरे बघायची. सासूबाईंनी ओठ मिटून घेतलेले असले, तर प्रकरण किरकोळ. फार तर भांडी इकडची तिकडे झाली असतील. नवरा मिशीतल्या मिशीत हसत असला, तर मधलं. आणि कॉलेजात जाणारी लेक न सांगता चहाचा कप हातात आणून द्यायला लागली, की हिने ओळखून घ्यायचं. काल रात्री आपण काहीतरी मोठाच पराक्रम केलाय.

"काय केलं मी?"

"काही नाही गं," नवरा म्हणाला. "चपलांचं कपाट रिकामं केलंस आणि सगळे जोड ओळीने जिन्यात मांडलेस. समोरच्यांचे पण."

"मी? शक्यच नाही."

"बरं, मग बूट आपापले चालत गेले असतील."

तिला सगळ्यात राग यायचा तो याचाच. जे आपल्याला ठाऊकच नाही, त्याच्यावर भांडायचं तरी कसं? ती चष्म्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काम करत होती. काचांच्या कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि शेवटी प्रत्येक चष्मा डोळ्यांसमोर धरून तपासायचा. अर्ध्या मिलिमीटरची चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कारखान्यात तिचं नावच 'मिलिमीटर' पडलं होतं. मोजल्याशिवाय कोणाचं काही मान्य करायचं नाही, हा तिचा खाक्या. आणि तिलाच रोज सकाळी स्वतःबद्दलच्या ऐकीव गोष्टी मुकाट्याने मान्य कराव्या लागत होत्या.

हे सुरू झालं तिच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. कारखान्यात नवीन मशीन आलं, दोन पाळ्या सुरू झाल्या, आणि तिला दिवसाआड दुसरी पाळी लागायची. दुसरी पाळी संपवून घरी येऊन पडेपर्यंत बारा वाजायचे आणि पाचला पुन्हा उठायचं. पंधरा दिवसांत घरातल्या वस्तू जागा बदलायला लागल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दिवसभर चढउतार करून तो असा झोपायचा, की शेजारी बँड वाजला तरी कूस बदलली नसती. त्यामुळे रात्री नेमकं काय घडलं ते कोणालाच धड माहीत नसे. सकाळी उरायचा तो फक्त पसारा.

तिने मोठ्या भावाला फोन केला. आपल्या घरात असं कोणाला होतं का, एवढंच विचारायचं होतं.

"कोणाला म्हणजे? तुलाच," भाऊ म्हणाला. "नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत चालायचीस की. आई दाराला वरची कडी लावायची. एकदा तर माझ्या दप्तरात उशी कोंबून ठेवली होतीस."

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही?"

"तू घाबरशील म्हणून सांगायचं नाही असं ठरलं होतं. मग विसरलंच."

"म्हणजे मी सोडून सगळ्या गावाला माहीत होतं!"

"गावाला नाही गं. आपल्या घरच्यांना. आणि मामांना. आणि शाळेतल्या बाईंना."

तिने फोन ठेवला आणि मग बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

कारखान्यात वेगळाच ताप. दहाच्या चहाला सगळे जमले की काचांवर लेप चढवणारा माणूस रात्रीचं स्वप्न सांगायचा. त्याची स्वप्नं लांबलचक असायची, त्यात समुद्र, विमानं, मेलेले काका, सगळं यायचं. मग पॅकिंगमधल्या दोघी आपली सांगायच्या. शेवटी सगळे हिच्याकडे वळायचे.

"तुमचं काय, मिलिमीटरबाई?"

"मला पडत नाहीत."

"असं होतच नाही. लपवताय तुम्ही."

ती लपवत नव्हती. जन्मात तिला एकही स्वप्न आठवलं नव्हतं. रात्री डोळे मिटायचे आणि सकाळी उघडायचे, मधे नुसता काळा पडदा. आता त्या पडद्यामागे आपण घरभर हिंडतो, जिने उतरतो, लोकांचे बूट मांडतो, हे कळल्यापासून ती जास्तच चिडायची. एवढी वणवण करायची आणि सांगायला चार ओळींचं स्वप्नसुद्धा हाती लागू नये!

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे गाढ झोपेत होतं. शरीर अर्धवट जागं होतं, डोकं झोपलेलंच राहतं, म्हणून आठवत नाही. झोप अपुरी झाली की वाढतं. वेळेवर झोपा, रोज एकाच वेळी. दारं-खिडक्यांची काळजी घ्या. घरच्यांनी हलवून उठवू नये, हळूच हाताला धरून परत न्यावं.

"औषध?"

"आधी पाळी बदलून घ्या."

पाळी बदलायचा अर्ज तिने दिला. साहेबांनी तो वाचला, 'बघू' म्हणाले आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवला.

अशातच एका सकाळी ती कामावर निघाली असताना दुसऱ्या मजल्यावर सिग्नलकाकांनी तिला थांबवलं. सिग्नलकाका म्हणजे रेल्वेतले निवृत्त सिग्नलमन. तीस वर्षं रात्रपाळी केलेली, त्यामुळे रात्रीची झोप अशी त्यांना यायचीच नाही. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही म्हणून रात्री जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहायचे. सासूबाईंच्या वयाचे, म्हणून हिला सूनबाई म्हणायचे. एरवी 'कशा आहात, बरं आहे' यापलीकडे बोलणं नव्हतं.

"सूनबाई, तुमचे उपकार झाले," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही सांगितलंत तसं केलं. काल धाकट्याला फोन लावला. अकरा वर्षांनी."

"मी काय सांगितलं?"

"लोकांसमोर बोलायचं नसेल तर राहू द्या. पण चार रात्री तुम्ही माझ्याशेजारी बसून सगळं ऐकून घेतलंत. माझ्या पोटच्या मुलीने नाही ऐकलं इतकं."

चार रात्री! रात्रीच्या गाऊनमध्ये, जिन्यात, परक्या माणसाशेजारी! तिने कसंबसं विचारून सगळं काढून घेतलं. काकांचे वडील शेवटच्या दुखण्यात होते, तेव्हा काका ड्यूटी सोडून गेले नव्हते. धाकटा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला होता, तुला बापापेक्षा सिग्नल प्यारा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. हे सगळं काकांनी तिला सांगितलं. ती 'हं', 'हं' म्हणत राहिली. आणि चौथ्या रात्री अचानक म्हणाली...

"काय म्हणाले मी?"

"म्हणालात, 'ढिलं झालंय. आधी घट्ट करा, मग बघा.' किती नेमकं बोललात! नातंच ढिलं झालं होतं हो."

तिने कपाळावर हात मारून घेतला. फ्रेमला दांड्या जोडणाऱ्या माणसाला ती हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा ऐकवायची. स्क्रू ढिला झालाय, आधी घट्ट करा, मग चष्मा तपासायला आणा.

"काका, मी झोपेत होते. मला झोपेत चालायची सवय आहे. मी तुमचं एक अक्षर ऐकलेलं नाही."

काका समजूतदारपणे हसले. "सूनबाई, तीस वर्षं मी रात्री जागलोय. झोपलेला माणूस मला कळणार नाही? डोळे उघडे होते तुमचे."

तिची बस चुकली.

घरी हे कळल्यावर एकच गोंधळ झाला. नवऱ्याने त्याच दिवशी दाराला उंच कडी बसवली आणि दार उघडलं की वाजेल अशी घंटा लावली. लेकीने पुरावा म्हणून बाहेरच्या खोलीत फोन उभा करून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तो आईच्या पुढ्यात धरला.

पडद्यावर एक बाई दाराशी उभी राहून कडी चाचपत होती. केस विस्कटलेले, चेहरा एकदम कोरा. तिला आधी वाटलं, ही आपली मावशी आहे. मग पलीकडून सासूबाई आल्या. त्यांनी त्या बाईच्या कोपराला धरलं, पाठीवरून हात फिरवला. "चल बाळ, थकलीस ना? चल, पड जरा," असं म्हणत तिला आत घेऊन गेल्या.

तिने फोन लेकीकडे परत दिला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. जागेपणी सासूबाईंनी तिला 'बाळ' काय, 'दमलीस का' असंही कधी विचारलं नव्हतं. त्या झोपलेल्या बाईचे मात्र हे लाड!

"घंटा लावल्यापासून हे रोज चालतं?" तिने सासूबाईंना विचारलं.

"मग काय करू? तुझा नवरा उठतो का?" सासूबाई म्हणाल्या. "आणि भाजी आज तूच चिर. माझे डोळे चुरचुरतायत."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. काका उभे होते आणि त्यांच्यामागे त्यांच्यासारखाच, पण जरा ठेंगणा म्हातारा. धाकटा भाऊ आला होता.

"तुम्हीच का त्या?" भावाने हात जोडले. ती 'अहो' म्हणेपर्यंत दोघे आत येऊन बसलेसुद्धा.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग भाऊ म्हणाला, वडील शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होते. काका म्हणाले, मला कोणी कळवलं होतं? तार केली होती. मिळाली नाही. मिळाली होती, तू खिशात ठेवलीस. तिच्या बाहेरच्या खोलीत दोन म्हाताऱ्यांचं अकरा वर्षांचं भांडण पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झालं. आवाज चढले. काका हिच्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुम्हीच सांगा आता. तुम्हाला सगळं माहीत आहे."

"मला काहीच माहीत नाही!" ती ओरडलीच. "किती वेळा सांगू? मी झोपेत होते! आणि ते वाक्य चष्म्याच्या स्क्रूबद्दल होतं! कारखान्यातलं! तुमच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता!"

सासूबाई आतून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा पडला. आणि धाकटा भाऊ हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून. "स्क्रू!" तो म्हणाला. "दादा, तू स्क्रूचं ऐकून मला फोन केलास?"

काका उठले आणि खाली निघून गेले. भाऊ डोळे पुसत त्यांच्यामागे गेला.

"खरं बोलायची एवढी काय घाई होती?" सासूबाई म्हणाल्या.

"मग खोटं श्रेय घेऊ?"

"घ्यायचं होतंस. कोणाचं काय जात होतं?"

त्या दिवसापासून काकांनी हिच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे बघायचे. भाऊ मात्र परत गेला नाही. चांगला आठ दिवस राहिला. सकाळी दोघांचे वाद वर ऐकू यायचे, संध्याकाळी दोघे एकत्र फिरायला जाताना दिसायचे. त्यात आपलं चुकलं की बरोबर आलं, हे हिला कळेना, आणि विचारणार तरी कोणाला? दरम्यान साहेबांना काचेखालचा अर्ज सापडला आणि तिची दुसरी पाळी बंद झाली. ती दहाला झोपायला लागली. घंटा रोज वाजायची ती आठवड्यातून एकदा वाजू लागली.

भाऊ गेल्यावर एका संध्याकाळी काका वर आले. बसले, पण तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत बोलले.

"धाकटा म्हणतो, एकटं राहू नकोस, माझ्याकडे ये. काय करू?"

यावेळी ती पूर्ण जागी होती. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नीट विचार केला. अकरा वर्षांनी आत्ता कुठे बोलणं सुरू झालंय, एकदम बाडबिस्तरा हलवू नये. आधी महिनाभर राहून बघावं. इथली जागा सोडू नये. भावाच्या घरातल्यांना काय वाटतं, तेही स्पष्ट विचारून घ्यावं. तिथला दवाखाना किती लांब आहे ते बघावं. शिवाय रात्रीचं तुमचं जागणं त्यांना चालेल का, हेही आहेच. ती पंधरा मिनिटं बोलली. चष्मा तपासावा तसा तिने तो प्रश्न सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला.

काकांनी सगळं ऐकलं. मान हलवली.

"रात्री तुम्ही जास्त चांगलं सांगत होतात," ते म्हणाले आणि उठले.

स्वयंपाकघरातून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. तिने वाटी आपटून त्याला दाद दिली.

काका पुढच्याच महिन्यात भावाकडे गेले, सगळं सामान घेऊन. हिने सांगितलेल्यातलं एकही त्यांनी केलं नाही. मधूनमधून सासूबाईंना फोन येतो. दोघे भाऊ भांडतात, पण एकाच टेबलावर बसून. झोप तिकडेही येत नाही म्हणे.

तिचं चालणं पूर्ण गेलं नाही. कामाचा ताण वाढला, की महिन्यातून एखाद्या रात्री घंटा वाजते. तिने घरात एक नियम करून टाकलाय. कोणाला लागलं, काही फुटलं किंवा ती दाराबाहेर गेली, तरच सकाळी सांगायचं. बाकी काही सांगायचं नाही, हसायचं नाही, आणि फोन तर अजिबात लावून ठेवायचा नाही. नियम घरच्यांनी मान्य केलाय. पाळत कोणीच नाही. परवाच लेकीने नाश्त्याला बसल्या बसल्या सांगितलं, "आई, काल तू आजीला म्हणालीस, 'तुमचा नंबर बदललाय.' आजी आता डोळे तपासून घ्यायचं म्हणतेय."

"मग घेऊ दे," ती म्हणाली आणि डबा उचलून कामाला निघाली.