सुभेदाराची हजेरी

"आत नाव घ्यायचं नाही हां!" कबरस्तानाचं फाटक उघडताना काका पहिलं हेच बोलायचे, ओठावर बोट ठेवून. आमच्या घरामागे पनवेलचं ते जुनं कबरस्तान, बेने इस्रायल लोकांचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं. काका त्यांच्यातलेच, म्हातारे राखणदार. मला "मागल्या दारवाली" म्हणायचे आणि माझ्या दोन वर्षांच्या वैशूला "धोंडी". कावळ्याला पण "ए शेजारी"!

आत एका सुभेदाराची मोठी कबर हाय, लांबून लोक बघायला यायचे. तुमी पण ऐकलं असेल, दुपारी बाराला तो हजेरी घेतो. त्या टायमाला आत कोणी नावाला ओ दिली, की गेला त्याच्या पलटणीत.

एकदा मी धुणं वाळत घालत होते, वळून बघते तर वैशू नाय. भिंतीच्या भगदाडातून आत गेलेली. मी घाबरून ओरडले, "वैशूऽ! ए वैशूऽ!" आणि सुभेदाराच्या कबरीवर बसून ती म्हणते, "ओऽ!" तेवढ्यात बाराचा भोंगा झाला.

संध्याकाळी ताप. दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं, छाती नुसती वरखाली. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळत होत्या. "डॉक्टर काय करणार? ओ दिली ना पोरीने!" मी पण तशीच बसले, पोरीला मांडीवर आवळून.

काका मागल्या दारी आले. "धोंडी कुठाय गं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं, तर हसायलाच लागले. "अगं वेडे, ती गोष्ट मीच उठवली! पोरं कैऱ्या पाडतात म्हणून. ऊठ आधी, रिक्षा बघतो." आणि पोरीला त्यांनीच उचललं.

दवाखान्यात कंपाउंडरने नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका बोलले, "धोंडी."

"अहो, खरं नाव सांगा."

"लिहा हो, धोंडीच!"

तसल्यात पण मला हसू आलं. न्यूमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, "उद्या आणली असती तर..." पुढचं मी ऐकलंच नाय.

पोर वाचली. पुढच्या वर्षी काका इस्रायलला लेकाकडे गेले, तिकडेच वारले.

परवा मी सहज सासूबाईंना बोलले, "कैऱ्यांसाठी काकांनी काय गोष्ट उठवली बघा!"

"काकांनी?" त्या म्हणाल्या. "माझी आजी मला सांगायची ती गोष्ट. तवा तुझा काका पण शेंबडं पोर असेल."

आता विचारू कोणाला? रिक्षात पोरीला धरलेले काकांचे हात लटलट कापत होते. मला तवा वाटलेलं, म्हातारपण.