माळावर उतरणारे ससाणे

नवरा पावसाळ्यात तापाने गेला. त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. दिवाळीनंतर त्याचा मित्र घरी आला. दोघं एकाच शाळेत शिकवायचे आणि थंडी सुरू झाली की नागरा गावाच्या पुढे, तळ्यामागच्या माळावर ससाणे मोजायला जायचे. उत्तरेकडून आलेले हे ससाणे दिवसभर धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भाताच्या खाचरांवर, शिकार करतात आणि दिवस बुडताना त्या माळावरच्या उंच गवतात झोपायला उतरतात.

"वहिनी, दुर्बीण न्यायला आलो. यंदाची मोजणी चुकवू नये म्हणतो."

मी दुर्बीण काढून दिली आणि म्हणाले, "मीही येते." का म्हणाले, कोण जाणे. सासूबाई आतून म्हणाल्या, "जाऊ दे तिले. घरी बसून तरी का करून राहिली?"

आम्ही तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसलो. तो दुर्बिणीतून बघून "उतरला" म्हणायचा आणि मी मोजायचे. हे मोजायचं काम नवऱ्याचं होतं. ससाणे अगदी खालून, पंख न हलवता यायचे. गवतावर एक गिरकी, की दिसेनासे. नऊ झाले, दहा झाले. मग त्याचा आवाज येईना. बघितलं तर दुर्बीण डोळ्यांना तशीच लावून तो रडत होता. मला काहीच वाटलं नाही. बसच्या खिडकीतून कुणी रडताना दिसावं, तसं बघितलं आणि पुढचे नुसत्या डोळ्यांनी मोजले.

"किती झाले?" त्याने नाक पुसत विचारलं.

"एकवीस."

पुढे दरवर्षी जात राहिलो. बोलणं फारसं नसे. घरी परतले की कुकर लावायचा, बापासारखीच शाळेत शिकवू लागलेल्या, वह्या तपासत बसलेल्या आमच्या मुलीला जेवायला हाक मारायची, एवढंच.

मग एका वर्षी माळ नांगरलेला दिसला. प्लॉटसाठी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. तरी ससाणे आले. उघड्या मातीवर घिरट्या घातल्या आणि एकेक करून आमगावच्या बाजूला निघून गेले.

"किती लिहू?" मित्राने विचारलं.

"एकही उतरला नाही."

अंधार पडेस्तोवर तो उठेना. मग मीच म्हटलं, "चला भाऊजी."

घरी सासूबाईंनी विचारलं, "आज इतक्या उशिरा आली काऊन?"

"उतरलेच नाहीत."

"मंग दुसरीकडं उतरले असतीन," त्या म्हणाल्या. मी हातपाय धुतले आणि तांदूळ निवडायला बसले.