बॉनेटखालचा कुंकू लावलेला नंबर

दादा आज सकाळी गेला आणि माझं त्याच्याशी भांडण अजून संपलेलं नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा रडू नाही आलं. तोंडातून निघालं, "नंबर कुणाला दिला ते सांगून गेला का?"

वहिनी म्हणाली, "मंदाताई, आज तरी नको."

आज नाही तर कधी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

आमच्या बाबांची जुनी अमेरिकन गाडी होती. दोन दरवाजांची, लांब नाकाची, लाल. बाबा ज्या शेठकडे ड्रायव्हर होते, ते देश सोडताना ती बाबांच्या नावावर करून गेले. काशीगावात आमच्या दारात उभी असायची. हायवेवरचे ट्रकवाले उतरून बघायला यायचे.

मी चौथी पास. एबीसीडी शिकले ती या गाडीवर.

बॉनेट उघडलं की आतल्या पत्र्यावर नंबर ठोकलेला. बाबा माझं बोट धरून त्यावरून फिरवायचे.

"सहा, म्हणजे सहासष्ट साल. आर, म्हणजे तिकडचा कारखाना. शून्य सात, पक्क्या टपाची. सी, म्हणजे आठ सिलिंडर; टी असता तर सहाच. हा सी आहे म्हणून हिला मान, मंदे. पुढचे आकडे हिचे एकटीचे."

दसऱ्याला लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. आमच्याकडे हळदकुंकू त्या नंबरला.

बाबा गेल्यावर दादा म्हणाला, विकून टाकू. त्याचं गॅरेज होतं, जुन्या गाड्यांचे शौकीन त्याच्याकडे यायचे.

मी म्हटलं, "हात तर लावून बघ."

"बरं बाई. गाडी विकणार नाही. बाबांची शपथ."

गाडी भाईंदरला माझ्या बिल्डिंगखाली आली. शेजारीण रोज टोमणा मारायची, "भाभी, ये डब्बा कब हटाओगे?" मी ऐकलं नाही.

दोन हजार चारचे गणपती झाले आणि दादा आला. "तळ गंजलाय, गॅरेजला नेतो." नवा रंग मारून परत आणली. मी त्याला पुरणपोळ्या करून वाढल्या. वरून तूप.

दसऱ्याला बॉनेट उघडलं. इतक्या वर्षांचं कुंकू आकड्यांच्या खाचांत बसलेलं असायचं, पुसून निघायचं नाही. आता खाचा कोऱ्या.

बोट फिरवलं. सहा. आर. शून्य सात. टी.

टी म्हणजे सहा सिलिंडर.

प्लगच्या वायरी मोजल्या, सिलिंडरला एक. आठ.

कडेने बोट नेलं, तर रंगाखाली वेल्डिंग लागलं.

फोन केला. दादाचा आवाज एकदम शांत. "अगं, एका पार्टीची गाडी होती, बॉडी मस्त, पण मूळची सहाची. त्यांना आठवाली ओरिजिनल म्हणून मिरवायची होती. दोन्हीकडचा नंबराचा तुकडा कापून अदलाबदल केली, बस."

"शपथ घेतली होतीस."

"गाडी विकणार नाही म्हटलेलं. उभी आहे ना तुझ्या दारात? पत्र्याचा तुकडाच तर गेला."

आरसी पुस्तकात एक नंबर, गाडीवर दुसरा. आरटीओच्या हिशेबाने माझ्या बापाची गाडी आता चोरीची. आणि कुणीतरी माझ्या बापाच्या गाडीचं नाव लावून फिरतोय.

मी बोलणं तोडलं नाही. दर राखीला ओवाळलं, दर राखीला विचारलं, कुणाला दिलास?

हसायचा. "सोड ना मंदे. तुला गाडी चालवता तरी येते का?"

नाही येत. वाचता येते.

आता निघतेय काशीगावला. हार घेतलाय. तुला झेंडूच आवडायचा.

जा दादा, सुखाने जा.

फक्त या दसऱ्याला कुंकू कुठे लावू, ते सांगून जायचं होतंस.