पेजेतल्या अळ्या

पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी बाबांना पेज भरवत होतो. उकड्या तांदळाची, जरा घट्टसर, वर थोडं तूप. चमचा उचलला आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. पांढऱ्या, फुगलेल्या, एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या. मी वाटी घेऊन धावत जाऊन सिंकमध्ये उपडी केली आणि तिथेच ओकाऱ्या काढत उभा राहिलो. जरा वेळाने डोळे उघडून बघतो तर सिंकमध्ये नुसती शितं.

बाबांना अर्धांगवायू झाल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. उजवा हात गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. गिरणीत उभी हयात काढलेला माणूस मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी पलंगावर पडून असायचा. बायको सकाळी ऑफिसला जायची. माझ्या दहावीच्या गणिताच्या शिकवण्या संध्याकाळी, घरातच, त्यामुळे दिवसभराचे बाबा माझ्याकडे. नातेवाईक भेटायला यायचे, नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं बसायचे आणि जाताना म्हणायचे, "कसं करतोस रे बाबा तू!" त्यांचाच राग यायचा. डायपर, लाळ, कफ, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येतं ते सगळं मी या हातांनी काढलं होतं आणि साबणाने हात धुऊन लगेच चहा प्यायलो होतो. मला त्याची कधी किळस आली नाही. किळस आली ती स्वच्छ, गरम, मी स्वतः रांधलेल्या पेजेची.

मग ते वाढतच गेलं. कधी पेजेत, कधी वरणात, एकदा तर सोललेल्या केळ्यात. क्षणभरच दिसायचं, पण पुढे तासभर मी अन्नाला हात लावायचो नाही. मी तांदूळ फेकले. वाण्याशी भांडलो, वाणी बदलला, नव्या वाण्याशीही भांडलो. डबे उकळत्या पाण्याने धुतले, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो बिचारा ओट्याखाली टॉर्च मारून म्हणाला, "साब, इधर तो कुछ नहीं है." बायको खूश होती. स्वयंपाकघर असं लखलखीत ठेवणारा नवरा कोणाला मिळतो, हे ती ऑफिसात सांगायची. माझं डोकं फिरत चाललं होतं आणि घरात त्याचं कौतुक होत होतं.

भीती कशाची, तर एखादी अळी खरी असेल आणि ती बाबांच्या पोटात जाईल. त्यांना थुंकता येत नाही. ती आत जगेल, वाढेल. पोरांना प्रत्येक पायरीचं कारण लिहायला लावणारा मी, आणि असल्या भिकार भीतीपुढे माझी एक पायरी चालत नव्हती. भरवताना मी तोंड फिरवायला लागलो. डोळे अर्धे मिटायचे, नाक आक्रसायचं, चमचा कधी बाबांच्या गालाला लागायचा. अर्धी वाटी तशीच सिंकमध्ये जायची. बाबांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. माझ्या हातून माझा बाप उपाशी राहत होता आणि मला ते दिसत असूनही चमचा पुढे जात नव्हता.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात पीठ चाळत होतो. बाहेर बाबा दहिसरच्या माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होते. त्यांचे शब्द घसरायचे, म्हणून ते मोठ्याने बोलायचे.

"माका गावाक न्हेवन सोड. हेका माजी किळस येता. भरवताना तोंड फिरवता."

रडत नव्हते. गिरणीतल्या मुकादमाला सांगावं तसं सांगत होते. मी चाळणी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, होत नसेल तर तसं सांगायचं ना यार. रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो. गावी चुलत वहिनी आहे, ती बघेल त्यांचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला पेजेत किडे दिसतात म्हणून? बापाची किळस करणारा मुलगा किंवा डोक्यावर परिणाम झालेला मास्तर, यातलं एक निवडायचं होतं. मी गप्प बसून पहिलं निवडलं होतं. स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. घाटकोपरला. मुलुंडला एखाद्या विद्यार्थ्याच्या आईने पाहिलं तर वाट लागली असती. टोपी आणि मास्क लावून चोरासारखा कोपऱ्यात बसलो. शेजारचा माणूस वेफर्स खात होता, त्याच्या पिशवीत डोकवायची माझी हिंमत होत नव्हती. डॉक्टर बाई माझ्याहून लहान. मी सुरुवात ॲसिडिटीपासून केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि काय दिसतं?" मग सगळं बाहेर पडलं. अळ्या किती वेळ राहतात, हलतात का, हे त्यांनी खोकल्याची चौकशी करावी तसं विचारलं. झोपेचं विचारलं. बाबा रात्रभर हाका मारायचे, नीट झोपून मला कित्येक महिने झाले होते. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, गोळ्या दिल्या, फरक हळूहळू पडेल म्हणाल्या.

"घरी सांगितलंय कुणाला?"

"नाही. शिकवण्या बंद पडतील."

"विद्यार्थ्यांना सांगा असं मी कुठे म्हणतेय?"

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी वेड्यासारखं कौतुक करत फिरले. शी!" रात्री बाबांकडे ती बघेल, मी झोपायचं, असं तिने ठरवून टाकलं. पण बाबांना सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

शनिवारी दुपारी पेज घेऊन बसलो. चमचा बुडवला आणि आल्या. वळवळत वाटीच्या काठापर्यंत आल्या. पण या वेळी मी उठलो नाही.

"बाबा, यात मला अळ्या दिसतायत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे. "खय?"

"सगळीकडे. खऱ्या नाहीत. मलाच दिसतात. डॉक्टरकडे जाऊन आलो."

त्यांनी डावा हात उचलला, बोटं सरळ पेजेत घातली, तळापर्यंत ढवळली आणि चाटली.

"काय नाय हा," ते म्हणाले. "मीठ पण नाय."

"तुमची किळस नव्हती हो, बाबा. कधीच नव्हती."

पेज त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होती. मी ती हाताने पुसली. ते म्हणाले, "वाटी मी बघतंय. तू माजा तोंड बघ."

मी तोंड बघितलं. गाल आत गेले होते, दाढीचे खुंट वाढले होते. कित्येक दिवसांत मी या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. ते डोळ्यांनी वाटी तपासायचे, मान हलवायचे, आ करायचे. वाटी संपली. गोळ्यांनी पुढे खूप फरक पडला, अजूनही चालू आहेत, आणि अळ्या अधूनमधून येतात. पण त्या दिवशी गोळ्यांचा काही संबंध नव्हता.

रविवारी बहीण आली. माझ्याशी धड बोलली नाही. बाबांच्या पाठीला टेकायला गाडीत दोन उशा लावून आली होती. तिने बॅग उचलली.

"ठेव ती," बाबा म्हणाले. "मी येवचंय नाय."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना गावाला सोड म्हणून?"

"म्हटलंय," बाबा म्हणाले. "पण मी गेलंय तर हय पेज कोण बघतलो?"