मामेसासऱ्यांनी सोडलेली सवलत

सरकारने छोट्या धंदेवाल्यांसाठी काढलेली एकही सवलत वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी माझ्या मामेसासऱ्यांचा जन्म झाला आहे. माणसं निवृत्त झाली की देवाच्या मागे लागतात. हे करखात्यातून निवृत्त झाले आणि स्वारगेटमागच्या आमच्या गल्लीतल्या दुकानदारांच्या मागे लागले. माझं तिथे चष्म्यांचं दुकान आहे. रोज सकाळी काउंटरवर कोपर टेकून ते विचारतात, “जावईबापू, नव्या कपाटाच्या बिलावर आपला जीएसटी नंबर घातलात ना? नाहीतर भरलेल्या कराचं क्रेडिट विसरा!” एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते मांडववाल्याला नव्या झुंबरांवरचं क्रेडिट समजावत होते, अक्षता दोघांच्याही मुठीतच राहिल्या. माझ्या भाचीला मुलगी झाली, तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, “वा! महिला उद्योजक. व्याजात सवलत.” मिळकतकरात सूट मिळते असं कळल्यावर त्यांनी घरच्या गॅलरीत गांडूळखताचा प्रकल्प काढला. मामी शांतपणे म्हणाल्या, “सून आणताना केली नव्हती एवढी चौकशी गांडुळं आणताना केलीत.” ते मात्र खूश होते. गांडुळंही असावीत.

माझ्या दुकानासमोर पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून ती एकट्या वहिनीच चालवतात; सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते. गेल्या श्रावणात त्यांची जुनी चक्की कायमची बसली. मामेसासऱ्यांच्या अंगात तर वारंच शिरलं. महिलांच्या धंद्याला नव्या यंत्राच्या किमतीत सरकारी वाटा देणारी योजना त्यांनी शोधून काढली, अर्ज भरला, वहिनींचा फोटो स्वतः चिकटवला. अट एकच होती: मंजुरीच्या आधी यंत्र घ्यायचं नाही. “आधी घेतलंत की संपलं. हात लावायचा नाही!” असं त्यांनी वहिनींना बजावलं.

पितृपक्ष गेला, घट बसले, तरी मंजुरीचा पत्ता नव्हता. गल्लीतली दळणं पलीकडच्या चौकातल्या गिरणीत जायला लागली. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी तर तोंडावर आली होती, आणि गिरणीवाल्याचं वर्ष त्याच दिवसांवर निघतं. भाजणीला दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक नंतर गव्हालाही परत येत नाही. एके दिवशी वहिनी मामेसासऱ्यांना म्हणाल्या, “काका, दसऱ्याला यंत्र आलं नाही ना, तर मी गाळा सोडते. किती दिवस बंद शटरचं भाडं भरू?”

“थांबा हो, नियम आहे,” ते पुटपुटले. त्यानंतर ते माझ्या काउंटरशी यायचे, पण बिलांबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. नुसते समोरच्या बंद शटरकडे बघत बसायचे.

दसऱ्याच्या सकाळी गल्लीत टेम्पो शिरला. वर झेंडूचा हार घातलेली कोरी चक्की आणि ड्रायव्हरशेजारी आमचे मामेसासरे! वहिनींना विचारून ते स्वतः चक्क्यांच्या दुकानात गेले होते आणि हप्त्यांना स्वतः जामीन राहिले होते.

“अहो मामा, सवलत गेली की!” मी म्हणालो.

“गेली.”

“सगळी?”

“सगळी. वहिनींना जीएसटी नंबरही नाही, म्हणजे क्रेडिटसुद्धा नाही.” घरातलं कुणी गेल्याचं सांगावं अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. वहिनी चक्कीला हळदकुंकू लावत होत्या. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, “पण दिवाळी काही मंजुरीसाठी थांबत नाही, जावईबापू.”

आयुष्यात प्रथमच त्यांनी एका सवलतीवर पाणी सोडलं होतं, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

भाजणीच्या दिवसांत गिरणीपुढे डब्यांची रांग रस्त्यापर्यंत आली. मामींचा डबा घेऊन ते रांगेत उभे राहिले, गुडघा दुखत असूनही. नंबर आल्यावर वहिनी पैसे घेईनात.

“असं कसं?” ते उसळले. “मी कुठल्या सवलतीत बसतो?”

“घरच्या माणसांच्या,” वहिनी म्हणाल्या आणि पुढचा डबा ओतायला वळल्या.

मला वाटलं, आता ते नियम विचारणार. पण त्यांनी नोट खिशात परत ठेवली, गरम भाजणीचा डबा पोटाशी धरला आणि माझ्या दुकानाशी न थांबता, डोळे पुसत हळूहळू घराकडे निघाले.